काटेरी तारेआडचे पक्षी

आपल्या बेने इस्राएल समाजाला सैन्याचे जीवन नवे नाही. कोकणातल्या आपल्या कित्येक घराण्यांतले पुरुष मुंबई इलाख्याच्या नेटिव्ह पलटणींत भरती झाले आणि सुभेदार-जमादारांच्या हुद्द्यांपर्यंत चढले. सैनिकाच्या कैदेची गोष्टही आपल्याला नवी नाही. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या शमुवेल इझिकेल दिवेकर यांनी केलेला नवस आणि १७९६ साली मुंबईत मांडवी भागात बांधलेले सिनेगॉग, ही कथा आपण लहानपणी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली आहे. लढाया, पदके, बढत्या आणि सुटका यांच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. पण सैनिकाचा बराचसा वेळ लढण्यात जात नाही. तो पहाऱ्यात, वाट पाहण्यात, आजारपणात आणि कधीकधी कैदेत जातो. त्या रिकाम्या, कंटाळवाण्या आणि भीतीच्या तासांत तो काय पाहतो, हे आपण सहसा विचारीत नाही.

मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले. निवृत्त झाल्यावर वाचनाला सवड मिळाली, आणि दुसऱ्या महायुद्धातील चार ब्रिटिश कैद्यांची हकीगत वाचनात आली. ती वाचताना माझ्या स्वतःच्या नोकरीतली एक जुनी चूक मला आठवली. ती शेवटी सांगेन. आधी त्या चौघांविषयी.

पहिले जॉन बक्स्टन. हे कवी आणि इंग्रजी साहित्याचे अभ्यासक होते. जर्मनीने नॉर्वेवर स्वारी केली तेव्हा १९४० साली तेथे लढत असताना ते पकडले गेले. त्यांना दक्षिण जर्मनीत, बव्हेरिया प्रांतातील लाउफेन येथील अधिकाऱ्यांच्या छावणीत ठेवण्यात आले. त्याच उन्हाळ्यात एके दिवशी नदीजवळ उन्हात पडले असता त्यांना चेरी आणि चेस्टनटच्या झाडांत रेडस्टार्ट पक्ष्यांचे एक कुटुंब दिसले. छावणीत माणसांची गर्दी, गोंधळ आणि उद्याची चिंता. पक्षी मात्र आपल्या कामात गर्क होते. माणसांच्या त्या सगळ्या उलाढालीशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. पुढे बक्स्टन यांनी लिहिले आहे की हे पक्षी आपल्या जगापेक्षा अगदी निराळ्या जगात राहतात, याचेच त्यांना आकर्षण वाटले. पक्ष्यांत त्यांनी स्वतःचे दुःख शोधले नाही. जे आपले नाही, ते आहे तसे पाहावे, असे त्यांनी ठरवले.

आता हा रेडस्टार्ट कोण, हे वाचकांना सांगितले पाहिजे. चिमणीएवढा पक्षी. नराच्या कपाळावर पांढरा पट्टा, गळा काळा, छाती नारिंगी, पाठ राखाडी आणि शेपटी विटकरी तांबडी. ही शेपटी सतत थरथरत असते. पुण्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना याचा चुलतभाऊ चांगला ठाऊक असेल. दिवाळीच्या सुमारास वाड्याच्या भिंतीवर किंवा शाळेच्या अंगणात येऊन बसणारा, काळा नि तांबूस, शेपटी थरथरवणारा थिरथिरा तो हाच. हा काळा थिरथिरा हिवाळ्यात जसा महाराष्ट्रात येतो तसा इथे इस्राएलमध्येही येतो. बक्स्टन यांचा रेडस्टार्ट मात्र हिवाळा आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस काढतो. त्या जातीचे पक्षी वसंतात आणि पानगळीत आपल्या या देशावरूनही जातात. हिब्रूत दोघांचेही नाव हाखलिलित. याकोबाने यहुदाला दिलेल्या आशीर्वादात द्राक्षारसाने लालसर झालेल्या डोळ्यांसाठी जो शब्द येतो, त्याच शब्दावरून हे नाव पडले आहे. रास्ता पेठेतल्या आमच्या भिंतीवरचा पाहुणा आणि तोरातला शब्द यांची अशी गाठ पडेल, असे मला शाळेत असताना कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

१९४१ च्या शरदात निरनिराळ्या छावण्यांतले ब्रिटिश अधिकारी वेस्टफालियातील वारबुर्ग येथील छावणीत एकत्र आणले गेले. तेथे बक्स्टन यांना तीन सोबती भेटले. पीटर काँडर हे स्कॉटिश पलटणीतले अधिकारी, १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर आपल्या डिव्हिजनसह पकडले गेलेले. जॉर्ज वॉटरस्टन हे एडिंबरोचे, १९४१ साली क्रीट बेटाच्या लढाईत पकडले गेलेले. आणि जॉन बॅरेट हे हवाई दलातले. चौघांनाही पक्ष्यांचा नाद. कैदेत माणसांचे गट कशाकशाने जमतात पाहा! कोणी नाटके बसवीत, कोणी कायद्याच्या परीक्षांचा अभ्यास करीत, कोणी भुयारे खणीत. या चौघांना पक्ष्यांनी जवळ आणले.

आपण हेही स्पष्ट ठेवले पाहिजे की हे सर्वजण अधिकारी होते. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार पकडलेल्या अधिकाऱ्यांना कामास जुंपता येत नव्हते. साध्या शिपायांना खाणीत, शेतात, रेल्वेच्या कामावर राबावे लागे. अधिकाऱ्यांना भूक होती, थंडी होती, कंटाळा होता, पण वेळही होता. रेडक्रॉसची पार्सले आली की पोटात दोन घास अधिक जात, न आली की पातळ सूप आणि बटाटे यांवर दिवस काढावा लागे. अशा स्थितीत रिकामा वेळ हा मित्र नसतो. इस्पितळात महिनोन्‌महिने पडून असलेल्या रुग्णांना मी पाहिले आहे. जखम भरत असते, पण माणूस आतून विझत जातो. त्याला औषधाबरोबर काहीतरी उद्याचे काम लागते.

या चौघांनी ते काम स्वतःच निर्माण केले. त्यांनी पक्षी वाटून घेतले. बक्स्टन यांच्याकडे रेडस्टार्ट आणि काँडर यांच्याकडे गोल्डफिंच. गोल्डफिंच म्हणजे आपली होखित. लाल तोंडाची, पंखांवर पिवळी पट्टी असलेली, काटेरी झुडपांचे बी खाणारी. पुष्कळ घरांतून ती गोड आवाजासाठी पिंजऱ्यात ठेवलेली आपण पाहिली आहे. येथे मात्र पक्षी मोकळे होते आणि पाहणारा पिंजऱ्यात होता. कुंपणाकडे तासन्‌तास टक लावून बसणारा कैदी पहारेकऱ्यांच्या मनात संशयच निर्माण करणार, हे उघड आहे. आणि संशयाला कारणही होते. १९४२ च्या ऑगस्टअखेर याच वारबुर्गच्या छावणीतून कैद्यांनी शिड्या लावून तारेवरून पळून जाण्याचा मोठा प्रयत्न केला. त्यानंतर काही दिवसांतच पुष्कळ अधिकाऱ्यांना बव्हेरियातील आइखश्टेट येथे हलवण्यात आले.

आइखश्टेटची छावणी आल्टम्युल नदीच्या खोऱ्यात होती. येथे बक्स्टन यांनी त्यांचे सर्वांत मोठे काम केले. १९४३ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी रेडस्टार्टच्या एकाच जोडीवर नजर ठेवली. एकूण तास भरले ८५०. हिशेब केला तर दिवसाला सरासरी नऊ तासांहून अधिक. हे एका माणसाचे काम नव्हे. पाळ्या लावाव्या लागतात, एकाने उठायचे आणि दुसऱ्याने बसायचे, आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळे सांगून जायचे. आम्ही परिचारिका पाळी बदलताना जे करतो तेच. नर केव्हा गातो, मादी अंड्यांवर किती वेळ बसते, पिलांना कोण किती वेळा भरवते, हे सारे वेळेसह लिहून ठेवायचे. ताप, नाडी आणि श्वास यांचा तक्ता भरावा तसे.

आमच्या शिक्षणात पहिल्या वर्षीच एक गोष्ट बजावून सांगत असत: जे लिहिले नाही ते केले नाही असे धरले जाईल. तुम्ही रुग्णाला औषध दिलेत, पण नोंद केली नाही, तर पुढच्या पाळीला ते दिलेले नाहीच. बक्स्टन यांच्या कामात मला हीच शिस्त दिसली. सुंदर पक्षी पाहून मन प्रसन्न होणे ही एक गोष्ट. ती अर्ध्या तासात संपते, आणि मग पुन्हा तार दिसू लागते. पण आज नऊ वाजता मादी घरट्यातून बाहेर आली, उद्या केव्हा येते ते पाहू, असे म्हणणाऱ्या माणसाला उद्याचा दिवस हवा असतो. माझ्या मते त्या ८५० तासांतला खरा उपचार हा होता.

वॉटरस्टन यांची हकीगत आणखी निराळी. ते मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते. तरी क्रीटमध्ये पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी त्यांच्याजवळ होत्या. बर्लिनच्या संग्रहालयात पक्षीविभागाचे प्रमुख एर्विन श्ट्रेझेमान हे जगप्रसिद्ध पक्षीशास्त्रज्ञ होते. त्यांच्याशी या कैद्यांचा पत्रव्यवहार झाला, आणि शत्रुराष्ट्राच्या त्या विद्वानाने छावणीतल्या पक्षीप्रेमींना शास्त्रीय वाङ्मय पाठवून मदत केली. पुढे गंभीर आजारी आणि जखमी कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा १९४३ साली वॉटरस्टन मायदेशी परतले. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध फेअर आयल नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथे स्थलांतर करणारे पक्षी उतरतात. त्या बेटावर पक्षीनिरीक्षणाचे केंद्र काढायचे, हा बेत वॉटरस्टन यांनी एका सहकैद्याबरोबर छावणीतच आखला होता.

वाचक बंधुभगिनींनो, हे सारे वाचताना माझ्या मनात एक प्रश्न सतत टोचत होता आणि तो टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. आइखश्टेटपासून दाखाऊ शंभर किलोमीटरच्याही आत आहे. १९४३ च्या ज्या वसंतात तो पक्षी घरटे बांधीत होता, त्याच वसंतात वॉर्साच्या घेट्टोत आपले लोक शेवटची झुंज देत होते. एप्रिल ते जून! मग त्याच महिन्यांत जर्मन भूमीवर बसून पक्ष्याच्या शेपटीचे कौतुक करायचे, हे कसे?

मी यावर पुष्कळ विचार केला. पहिली गोष्ट अशी की बक्स्टन आणि त्यांचे सोबती ज्या कराराच्या छत्राखाली होते, ते छत्र आपल्या लोकांवर नव्हते. हा फरक कोणत्याही सौंदर्याने पुसला जात नाही, आणि तो कोणी पुसूही नये. दुसरी गोष्ट अशी की कैदेतल्या या अधिकाऱ्यांनाही युद्धाने सोडले नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये आइखश्टेटच्या कैद्यांना पायी दुसरीकडे हलवत असता अमेरिकन विमानांनी त्यांना जर्मन फौज समजून गोळ्या घातल्या, आणि सुटकेच्या दारात काही अधिकारी प्राणास मुकले. तेव्हा पक्षी पाहिल्यामुळे युद्ध सुंदर होत नाही. तसे कोणी म्हणेल तर त्याचे ऐकू नये. एवढेच की ज्या काळात माणसाला आकडा समजले जात होते, त्या काळात कोणीतरी एका चिमुकल्या जिवाची एवढी दखल घेत होता की त्याचा एकेक तास लिहून ठेवावा. माणसाचे माणूसपण अशा दखल घेण्यातच असते, असे मला माझ्या धंद्याने शिकवले आहे.

युद्ध संपल्यावर या नोंदी वाया गेल्या नाहीत. बक्स्टन ऑक्सफर्डला साहित्य शिकवू लागले आणि १९५० साली त्यांचे ‘द रेडस्टार्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका पक्ष्याचे कसे निरीक्षण करावे याचा तो एक नमुना मानला जातो. काँडर यांनी गोल्डफिंचवरील आपला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे १९६३ ते १९७५ या काळात ते ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या पक्षीसंरक्षण संस्थेचे संचालक होते. वॉटरस्टन यांनी १९४८ साली फेअर आयल बेट विकत घेतले आणि छावणीत रंगवलेले स्वप्न प्रत्यक्षात आणले. ब्रिटनमधून नाहीसा झालेला ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी स्कॉटलंडमध्ये पुन्हा घरटे करू लागला, तेव्हा त्या घरट्यावर रात्रंदिवस पहारा ठेवण्याच्या कामात ते पुढे होते. १९५९ साली त्यांनी ते घरटे दुरून पाहण्याची सोय सर्वसामान्य लोकांसाठी केली. ज्याच्यावर पहारा होता तोच पुढे पहारेकरी झाला, पण पक्ष्याला वाचवण्यासाठी! बॅरेट यांनी वेल्सच्या किनाऱ्यावर निसर्ग शिकवणारे केंद्र चालवले.

आता माझी चूक सांगते.

१९८२ चा उन्हाळा. लेबनानचे युद्ध सुरू झाले होते. आम्हाला या देशात येऊन पाच वर्षे झाली होती आणि मी एका इस्पितळात शिकाऊ परिचारिका होते. आमच्या विभागात एक वीस वर्षांचा मुलगा होता. पायाची जखम मोठी होती. तो कोणाशी बोलत नसे, जेवण परत पाठवी, आई आली की भिंतीकडे तोंड करी. त्याच्या खाटेजवळच्या खिडकीचे त्रिसीम अर्धे अडकलेले होते, आणि त्या फटीत होल्याच्या जोडीने चार काड्या टाकून घरटे केले होते. होला घरटे बांधतो म्हणजे काय, चार काड्या एकावर एक ठेवतो. आत दोन पांढरी अंडी.

प्रमुख परिचारिकेने मला ते काढून टाकण्यास सांगितले. तिचे चुकले नव्हते. उघड्या जखमा असलेल्या विभागात खिडकीत पक्ष्याची घाण चालत नाही. मी हातमोजे घालून गेले तेव्हा तो मुलगा कित्येक दिवसांत प्रथमच बोलला. “अखोत, नको,” एवढेच म्हणाला. हिब्रूत बहीण आणि परिचारिका यांना एकच शब्द आहे, हे आपण जाणतो. त्या दिवशी मला त्यातला पहिला अर्थ ऐकू आला. मी प्रमुख परिचारिकेची परवानगी मागितली. खाट खिडकीपासून दूर हलवायची, काच घट्ट बंद ठेवायची आणि पिले उडताच खिडकी धुवायची, या अटींवर ती मिळाली.

मग त्याने काय करावे? किती पाणी प्यायला नि किती लघवी झाली याची नोंद करण्याचा तक्ता त्याच्या खाटेला टांगलेला असे. त्याची मागची बाजू कोरी. त्यावर तो लिहू लागला. नर केव्हा आला, मादी केव्हा उठली. आठ दिवसांनी एक पिलू, दुसऱ्या दिवशी दुसरे. तो जेवू लागला, आणि आई आली की तिला काचेपलीकडचे दाखवू लागला. मी असे म्हणत नाही की होल्याने त्याला बरे केले. शल्यविशारदांनी केले, औषधांनी केले, त्याच्या वयाने केले. पण सकाळी डोळे उघडायला त्याला एक कारण मिळाले होते.

पिले उडण्याआधीच त्याला पुनर्वसनासाठी दुसरीकडे हलवण्यात आले. जाताना त्याने तक्ते घडी करून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “अखोत, उडतील तेव्हा वेळ लिहून ठेव. मी विचारीन.” मी होकार दिला. दोन दिवसांनी शब्बाथची सुट्टी संपवून मी कामावर परतले, तो घरटे रिकामे होते आणि खिडकी धुऊन झाली होती. कोणाला विचारावे, इतरांनी पाहिले का, हेही मला सुचले नाही. विभागात नवे जखमी आले होते. ते तक्ते मी कपाटात ठेवले आणि घर बदलताना ते कोठे गेले, मला आठवत नाही. तो पुन्हा भेटला नाही. त्याने विचारले असते तर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

बक्स्टन यांच्या ८५० तासांविषयी वाचले तेव्हा मला तो एक न लिहिलेला क्षण आठवला. त्यांचे पुस्तक झाले. माझ्या रुग्णाचे तक्ते हरवले, कारण ते जपावेत असे मला त्या वेळी वाटले नाही.

आपल्यातले कितीतरी वडीलधारे भारतीय सैन्यात होते. पुढे त्यांची मुले-नातवंडे या देशाच्या सैन्यात गेली. त्यांना आपण लढाईविषयी विचारतो. ते दोन वाक्ये बोलून गप्प बसतात, आणि आपण म्हणतो, काही सांगत नाहीत. माझी विनंती अशी की येत्या शब्बाथला त्यांना दुसरे काही विचारा. पहाऱ्यावर रात्री काय दिसत असे? पावसानंतर नेगेवमध्ये तंबूपाशी कोणती फुले आली होती? खाटेवरून खिडकीतून काय दिसे? ते बोलू लागतील, तेव्हा हाताशी कागद ठेवा. साल विचारा, जागा विचारा, लिहून घ्या, आणि तो कागद माझ्यासारखा हरवू नका.

या हिवाळ्यातही हाखलिलित आमच्या इमारतीच्या अंगणात आली होती. कुंपणाच्या तारेवर बसून शेपटी थरथरवीत होती. मी आत जाऊन कॅलेंडर काढले आणि त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहून ठेवली: सकाळचे सात वाजून दहा मिनिटे.